सोळा आण्यांची माती

१८३५ साली गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनिअर इंदापूर तालुक्यात कामाला लागले, तेव्हा तिथली बरीचशी वहितीची जमीन पडीक होती. त्याआधी प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी करून खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा सरकारचा, असा हिशेब बसवला होता. विलायती अर्थशास्त्रातल्या खंडाच्या सिद्धांतावर बेतलेला हा हिशेब कागदावर चोख होता. शिवारात तो टिकला नाही. शेतकरी जमिनी टाकून निघून गेले, कित्येकांनी निजामाचा मुलूख गाठला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सिद्धांत बाजूला ठेवला आणि जमीन खणून पाहिली. शेताचे तुकडे पाडायचे, मातीची खोली हातांत मोजायची, रंग आणि पोत पाहायचा आणि मग तिचा वर्ग ठरवायचा. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्क्या झालेल्या कोष्टकात असे नऊ वर्ग आहेत. पावणेदोन हात खोल, एकसारख्या पोताची काळी जमीन पहिल्या वर्गाची, तिची किंमत सोळा आणे. सर्वांत खालची, पाव हात खोलीची मुरमाड जमीन दोन आण्यांची. त्यातही चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी न मुरणे असे दोष निघाले की दर दोषामागे एक वर्ग खाली. आपल्याकडे याला प्रतबंदी म्हणतात. १८३६ साली इंदापुरात तीस वर्षांच्या मुदतीने लागू झालेला सारा ही मुंबई इलाख्यातल्या नव्या रयतवारी जमाबंदीची सुरुवात होती. सातबाऱ्यावर आजही ‘आकार’ म्हणून जे रुपये-पैसे दिसतात, त्यांची मुळे अशाच खणलेल्या खड्ड्यांत आहेत.

हे कोष्टक कोणत्या दालनात ठेवायचे? मृदाशास्त्राच्या म्हणावे, तर ते साहेबाच्या महसुलाचे हत्यार आहे. इतिहासाच्या म्हणावे, तर मातीचा काप शेजारी नसेल तर ते नुसते आकड्यांचे जाळे. इंदापूर-बारामतीच्या भूतकाळातली प्रत्येक मोठी गोष्ट अशीच दोन-तीन दालनांच्या उंबऱ्यावर अडकते. म्हणून कला, इतिहास आणि निसर्गविज्ञान एकाच छताखाली मांडणारे प्रादेशिक संग्रहालय ही जुनाट, टाकून द्यायची कल्पना आहे, हे मत मला पटत नाही. मोठ्या शहरांत ती मागे पडली असेल. इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्यासारख्या गावाच्या परिसराला मात्र दुसरी कोणती रचना लागू पडेल, असे वाटत नाही.

जमाबंदीची पुढची गोष्टच पाहा. तीस वर्षांची मुदत संपताच १८६७ साली इंदापूरचा सारा पुन्हा ठरवला गेला आणि चढवला गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आणि त्यापाठोपाठ सगळ्याच शेतमालाला आलेली तेजी तेव्हा नुकतीच ओसरत होती; सारा तेजीतला आणि उत्पन्न मंदीतले, अशी शेतकऱ्याची कोंडी झाली. शेजारच्या गावांतही तेच चक्र फिरले आणि सारा भरायला सावकाराचे कर्ज वाढत गेले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची दुकाने फोडली, कर्जरोखे जाळले, आणि दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेले प्रकरण सुरू झाले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. या दंग्यांतून १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. मधल्या काळात १८७६-७७ चा दुष्काळ येऊन गेला होता आणि अवर्षणाच्या या पट्ट्यासाठी निरा डावा कालवा काढण्यात आला. १८८५ मध्ये त्यातून पाणी सुटले, भाटघरच्या धरणाने ते बारमाही केले, ऊस आला, गुऱ्हाळे आली. आणि पाठोपाठ जमिनी चिबडू लागल्या. निचरा नसलेल्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचले, खालचे क्षार वर आले, पांढरे मीठ फुटले. शेतकी खात्यातले हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० साली निरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अहवाल लिहिला. प्रतबंदीत जी खोल काळी माती सोळा आण्यांची होती, तीच कालव्याच्या पाण्याखाली सर्वांत आधी बिघडली. हे वाक्य समजायला मातीचे कण पाण्याला कसे धरतात हे विज्ञान लागते, साऱ्याचा इतिहास लागतो, आणि कालवा खणायचा निर्णय कुणी व का घेतला हे राजकारणही लागते. यातले एक जरी गाळले तरी उरलेले दोन लुळे पडतात.

आता या संग्रहालयाच्या कल्पनेची वंशावळ. मुंबईत १८५० च्या दशकात सरकारी मध्यवर्ती संग्रहालय निघाले, ते प्रामुख्याने इलाख्यातल्या कच्च्या मालाचे आणि कारागिरीचे नमुने जमवण्यासाठी. त्यातूनच भायखळ्याची १८७२ साली खुली झालेली वास्तू उभी राहिली, जी आज डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखली जाते. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चे, रिचर्ड टेंपलच्या कारकिर्दीतले. लोकांनी त्याला अजब बंगला हे नाव दिले, कारण शिलालेख, पेंढा भरलेले प्राणी, जीवाश्म आणि हत्यारे तिथे एकाच फेरीत दिसत. पुण्यात १८९० साली लॉर्ड रे औद्योगिक संग्रहालय निघाले. १९६८ पासून ते महात्मा फुले वस्तुसंग्रहालय आहे आणि शेती, उद्योग, हस्तकला, प्राणी यांचे नमुने त्यात शेजारी शेजारी नांदतात. बडोद्यात सयाजीरावांनी १८९४ साली उभारलेल्या संग्रहालयात युरोपीय चित्रे आहेत, इजिप्तची ममी आहे, आणि १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडाही आहे. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला १९०५ मध्ये बसली, इमारत १९१४ मध्ये पुरी झाली, युद्धात ती लष्करी रुग्णालय बनली आणि १९२२ साली संग्रहालय खुले झाले. कला, पुरातत्त्व आणि निसर्ग हे तिन्ही विभाग आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही आहेत.

पहिला आक्षेप इथूनच निघतो. ही सगळी साहेबी जिज्ञासा होती, देश ताब्यात आल्यावर त्यात काय काय आहे याची यादी करायची हौस होती. मग तीच मांडणी आपण आज खेड्यात का रुजवायची? आक्षेपात तथ्य आहे. संग्रहालयाचे नमुन्यांचे कपाट आणि विंगेटचे मातीचे कोष्टक एकाच नजरेची अपत्ये आहेत, आणि ती नजर मालकाची होती. पण एवढ्यावर थांबलो तर माणसांवर अन्याय होतो. भाऊ दाजी लाड हे धंद्याने डॉक्टर. त्यांनी अजिंठ्याचे लेख वाचले, जुनी नाणी आणि हस्तलिखिते जमवली, महारोगावर वनस्पतींच्या औषधांचे प्रयोग केले, आणि भायखळ्याच्या संग्रहालयासाठी पैसे उभे केले. त्यांच्या डोक्यात शिलालेख आणि औषधी बी यांच्यासाठी वेगवेगळी कार्यालये नव्हती. नागपुरात स्टीफन हिस्लॉप हा मिशनरी जीवाश्म गोळा करीत होता आणि त्याच पायपिटीत गोंडांची लिंगोची गाणीही उतरवून घेत होता. १८६३ साली तो नाल्याच्या पुरात बुडून गेला आणि त्याचे कागद टेंपलने छापले. दगड आणि गाणे एकाच मुलखातले आहेत, हे त्याला वेगळे पटवावे लागले नव्हते. जुन्या संग्रहालयांचा दोष वस्तू एकत्र ठेवण्यात नव्हता. वस्तू जिथून उचलली त्या गावाचे, शिवाराचे, माणसाचे नाव चिठ्ठीवरून पुसले गेले, म्हणून ती ‘अजब’ झाली. ज्या वाटेने कोल्हा येतो ती माहीत असलेल्या माणसाला पेंढा भरलेला कोल्हा अजब वाटत नाही.

एकत्र पाहण्याने काय साधते याचा पुरावा पुणे जिल्ह्यातच आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे सापडली. लाल भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी, तोटीची भांडी, घराच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेली मुले, हे सगळे कलेच्या आणि धर्माच्या अभ्यासकांना पुरले असते. पण म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळके दाणे, जनावरांची हाडे आणि मातीचे थर यांनाही तेवढेच महत्त्व दिले. त्यातून नदीचे पाणी वळवण्यासाठी घातलेला बांध आणि पाट उजेडात आला. शेवटच्या टप्प्यात मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेळ्यामेंढ्या आणि शिकार वाढली, आणि पाऊस घटल्यामुळे शेतकरी मेंढपाळ होत गेले असा निष्कर्ष ढवळीकरांनी काढला. नुसती भांडी पाहिली असती तर कारागिरी उतरली एवढेच कळले असते. ती का उतरली हे हाडांनी सांगितले. बारामती तालुक्यात कऱ्हा आणि निरा यांच्या संगमाजवळ सोनगावलाही याच ताम्रपाषाण काळातली वस्ती डेक्कन कॉलेजने खणली. त्याच कऱ्हेच्या काठी, मोरगावला, ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली आहेत. राखेच्या वयाबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. मयूरेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांना मात्र पायाखालचा हा ठेवा कुणी दाखवलेला नसतो.

शेतकरी आणि मेंढपाळ यांच्यातली ही ये-जा तीन हजार वर्षांपूर्वी संपली असे समजू नये. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाताना काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला गोल रिंगण होते, आणि अंथुर्णे याच वाटेवर आहे. काटेवाडीत पालखीभोवती धावणाऱ्या मेंढ्या हा भक्तीचा सोहळा आहेच. त्याबरोबर तो या माळरानाचा दाखलाही आहे. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या आणि सुप्याच्या माळावर चिंकारा आणि लांडगा अजून आहेत. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे. चिंकारा, लांडगा, धनगर आणि त्याची मेंढरे हे सगळे एकाच गवतावर जगत आले. महसुलाच्या दफ्तराने मात्र त्या गवताला पोटखराबा, पडीक, गायरान अशी नावे दिली, कारण सोळा आण्यांच्या मापात गवत बसत नव्हते. झाड नाही म्हणजे जंगल नाही आणि पीक नाही म्हणजे जमीन वाया, हा समज तिथून आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडला. घोंगडी कलादालनात, लांडगा प्राणिदालनात आणि गायरानाचा नकाशा दप्तरखान्यात असे वाटून टाकले, तर हा समज कुणाच्याच लक्षात येणार नाही. तिन्ही एका भिंतीवर आले तर शाळकरी पोरगेही तो पकडेल.

तालुक्याच्या उत्तर कडेला हेच पाण्याच्या रूपाने दिसते. उजनी धरण १९८० साली पुरे झाले, भीमेचा फुगवटा इंदापूरच्या गावांत शिरला, पळसदेवचे पळसनाथाचे जुने दगडी मंदिर पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात साठा फार खाली गेला की ते उघडे पडते आणि बघ्यांची रीघ लागते. त्याच फुगवट्याच्या उथळ गाळात भिगवणला रोहित पक्षी उतरतात आणि पर्यटकांच्या होड्या फिरतात. मंदिर बुडवणारे, गावे उठवणारे, रोहितांना आणणारे आणि उसाला पाजणारे पाणी एकच. पर्यटन खात्याच्या फलकावर पक्षी तेवढे राहतात, मंदिराच्या पुस्तकात शिल्प तेवढे, आणि उठलेली गावे दोन्हींत नसतात. हा माझ्या मते एकत्र संग्रहालयासाठी सर्वांत बळकट पुरावा आहे.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा. एकाच छोट्या संस्थेला नाणी, चित्रे, खडक आणि पक्षी यांची जपणूक कशी जमणार? प्रत्येकाला वेगळे तापमान, वेगळा रसायनतज्ज्ञ, वेगळा अभ्यासक लागतो. पेंढा भरलेल्या प्राण्यांना कसर लागते, चित्रांचे रंग उडतात, आणि तालुक्याच्या संग्रहालयात वर्षभरात पंखा बंद पडतो. मूळ वस्तू पुण्या-मुंबईत जास्त सुरक्षित नाहीत का? आहेत, आणि दुर्मीळ वस्तू तिथेच राहाव्यात. पण इथे ज्या वस्तूंची गरज आहे त्यांतल्या बहुतेक दुर्मीळ नाहीतच. काळ्या मातीपासून मुरमापर्यंत आणि खालच्या बेसॉल्टपर्यंतचा एक उभा काप, चोपण जमिनीचा दुसरा काप, मोटेचे चामडे, गुऱ्हाळाची काहील, चरक, कालव्याच्या पाळीची चिठ्ठी, घोंगडीचा माग, जुन्या जमाबंदीचा नकाशा: यांना तापमानाचे यंत्र लागत नाही, नोंद लागते. कुणाच्या वावरातले, कोणत्या साली, कोणत्या कामाला. सोनगावच्या भांड्याची बरोबर प्रतिकृती आणि पुण्यात मूळ कुठे आहे याची चिठ्ठी एवढ्याने भागते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून फिरत्या संग्रहालयाची बस गावोगाव पाठवायला सुरुवात केली. मुंबईची इमारत सगळ्यांना पुरत नाही, याची ती कबुलीच समजावी. बस मात्र संध्याकाळी परत जाते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो बारामतीकर हमखास घेतील. बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचे विज्ञान केंद्र आहे, पोरांच्या हातात मोबाइल आहे, मग जुन्या काहिली बघायला कोण येणार? विज्ञान केंद्राशी या कल्पनेचे भांडण नाही. तिथे केशाकर्षणाचा नियम कळतो. तो नियम निरा खोऱ्यात शंभर वर्षांपूर्वी कोणाची शेते पांढरी करून गेला, हे सांगणे त्याचे काम नाही. येणाऱ्यांचा प्रश्न तर इथे उलटा आहे. आषाढवारीच्या वाटेवर, बारामती आणि इंदापूर यांच्या मधोमध, भवानीनगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या आणि वालचंदनगरच्या टापूत माणसांचा तोटा नाही. वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर साखरेसाठी वसाहत उभी केली आणि तिथल्या कारखान्यात पुढे अग्निबाणांचे भाग घडले. हा प्रवास इतर कोणत्या तालुक्याला सांगता येतो? लहान जागी संग्रहालय चालत नाही म्हणावे, तर तेरला रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने गावात मिळणाऱ्या सातवाहनकालीन वस्तू जमवल्या आणि त्यातून शासनाचे संग्रहालय उभे राहिले. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय बांधले, त्यात हेन्री मूरचे शिल्प आहे. तेर आणि औंध दोन्ही आडवाटेची गावे आहेत, आणि दोन्हीकडे लोक वाट वाकडी करून जातात.

एक भीती मात्र मला खरी वाटते. आपल्याकडे गावात संग्रहालय म्हटले की आधी पुतळा उभा राहतो, मग सत्काराच्या शाली आणि मानचिन्हे काचेत जातात, आणि मातीला जागा उरत नाही. इंदापुरात मालोजीराजे पडले, बारामतीत मोरोपंतांनी आर्या रचल्या. त्यांना दालन हवेच. पण सुप्यात रोखा जाळणाऱ्याचे नाव आपल्याला माहीत नाही आणि त्याचा पुतळा होणार नाही. त्याची जमीन किती आण्यांची ठरली होती, हे दफ्तरात आहे.

कामाची सुरुवात इमारतीपासून करू नये. अंथुर्णे, बेलवाडी, सणसर, लासुर्णे इथल्या शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी आधी एक वही घालावी. घरोघरच्या माळ्यावरची मोट, काहील, जुने कर्जरोखे, जमाबंदीचे उतारे, विहीर खणताना निघालेले खडक यांची नोंद मालकाच्या आणि शिवाराच्या नावासकट करावी. वस्तू सध्या घरीच राहिल्या तरी चालेल. भंगारवाला दर आठवड्याला येतो. वही त्याच्या आधी घरात पोहोचली पाहिजे.